माझ्या पारखीचा टर्की

गळगळगळगळ.

हा आवाज तीस वर्षांपूर्वी बहारीनला, माहूजमधल्या एका फ्लॅटच्या बाथरूममधून यायचा. मी बाहेर खोकलो की आतून गळगळगळ. मी चप्पल आपटली की गळगळगळ. घरात मला इतक्या तत्परतेने उत्तर त्याआधी कोणी दिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. तर तो आवाज आमच्या बाथरूममध्ये कसा आला आणि मी केवढा घोळ घातला, ते सांगतो. चहा घेत ऐका. मला बोलायला जरा वेळ लागतो.

मी सलमाबादला एका गॅरेजमध्ये स्टोअर सांभाळायचो. शाळा चौथीपर्यंत. पण एका गोष्टीत मला कोणी हरवत नसे, ती म्हणजे कोंबडा निवडणं. गावाकडे, फलटणच्या बाजूला, आठवडी बाजारात लोक मला मुद्दाम बरोबर न्यायचे. बहारीनला कामगारांच्या कॅम्पमध्येही तेच. शुक्रवारी कोंबडी आणायची ठरली की पोरं म्हणायची, तात्यांना घ्या. मी छातीवरची पिसं फुंकून बघायचो, हातावर वजन तोलायचो आणि मान हलवायचो. मी मान कशी हलवतो याची लोक वाट बघायचे. आता सांगा, माणूस फुगणार नाही का?

त्या डिसेंबरात माझी बायको व्हिजिट व्हिसावर पहिल्यांदा बहारीनला आली होती. एक मित्र रजेवर गेला होता, त्याने आपल्या फ्लॅटची किल्ली दिली. अकरा वर्षं ती गावी दोन मुली आणि वीस कोंबड्या सांभाळत होती, आणि मी पत्रातून कळवत होतो की इथे मला विचारल्याशिवाय काही होत नाही. आता ती ते डोळ्यांनी बघणार होती.

आणि देवासारखा फ्रान्सिस आला. फ्रान्सिस आमचा फोरमन, गोव्याचा, अदलियात राहायचा. त्याची म्हातारी आई नाताळाला मुलाकडे आली होती. तिला टर्की भाजून सगळ्यांना जेवू घालायचं होतं. गॅरेजचा इंग्रज मॅनेजर, त्याची मॅडम, आम्ही सगळे. आणि कोल्ड स्टोअरमधला दगडासारखा गोठलेला टर्की म्हातारीला नको होता. ताजाच हवा होता.

“तात्या, पक्षी तुम्ही निवडायचा,” फ्रान्सिस म्हणाला. “दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही.”

हे तो माझ्या बायकोदेखत म्हणाला. मी हिच्याकडे वळून बघितलंही नाही. गरजच काय होती?

खरं सांगतो, जिवंत टर्की मी जन्मात पाहिला नव्हता. पण शेवटी मोठा कोंबडाच ना तो, असा माझा हिशेब.

नाताळच्या दोन दिवस आधी आम्ही दोघं नवराबायको मनामाच्या बाजारात गेलो. एका म्हाताऱ्या बहारीनी माणसाकडे सहा-सात टर्की होते. त्याने एक लहानशी, गुबगुबीत मादी पुढे केली. पाय कसे गुळगुळीत. “हादा जेन,” म्हणाला, म्हणजे ही चांगली आहे. मी मान आडवी हलवली. कारण कोपऱ्यात तो उभा होता.

काय रुबाब होता! चोचीवरून लाल मांस लोंबतंय, छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका, पायामागचं नख माझ्या बोटाएवढं. आमच्याकडे मानाचा पाहुणा आला की जुना कोंबडा कापतात. तरण्या कोंबडीचा रस्सा म्हणजे गरम पाणी. जुना कोंबडा मात्र चुलीवर दोन तास रटरटला की वास वेशीपर्यंत जातो. मी छाती फुंकली, वजन तोलायला गेलो आणि कमरेत उसण भरता भरता राहिली. याच्यापुढे बाकीचे सगळे पोरसवदा.

हिने हळूच माझी बाही ओढली. “अहो, त्याच्या पायांची खवलं बघा की. केवढी जाड झालीत. लई म्हातारा हाय तो.”

“मग म्हातारा आहे म्हणूनच घेतोय. तुला टर्कीतलं काय कळतंय?”

तिने बाही सोडली. बहारीनी म्हाताऱ्यानेही मला दोनदा विचारलं, हाच का, म्हणून. मी छाती पुढे काढून होय म्हणालो. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू तो त्या पक्ष्याला लहानपणापासून ओळखत होता. मग म्हणाला, “यल्ला,” म्हणजे चला, घेऊन जा.

दोन दिवस आमचा पाहुणा बाथरूममध्ये राहिला. आम्ही आंघोळीला शेजारी जात होतो. नाताळच्या सकाळी त्याच म्हाताऱ्याकडून कापून, साफ करून मी तो अदलियाला पोचवला.

पहिली अडचण अशी की पक्षी ओव्हनमध्ये मावेना. तंगड्या बाहेर. मी गॅरेजमधून तार आणून ओव्हनचं दार बांधलं आणि त्याचाही मला अभिमान वाटला. तीन तास झाले. वरून कसा सोन्यासारखा दिसत होता! म्हातारीने काटा टोचला. काटा वाकला. आणखी दीड तास ठेवला. आता सुरीही परत येऊ लागली. बाहेर पाहुणे जमले होते. मॅनेजरची मॅडम चौथ्यांदा तोच केक खात होती.

तेव्हा म्हातारीने माझा हात धरून विचारलं, “पुता, हो टर्की न्हय रे, टर्कीचो आजो. कोणे दिलो तुका?”

ओव्हनमध्ये भाजायला कोवळा पक्षी लागतो, हे मला तेव्हा, त्या स्वयंपाकघरात उभं असताना कळलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाच्या घरचा तिचा पहिलाच नाताळ होता. फ्रान्सिस माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, मीच त्या ओव्हनमध्ये जाऊन बसावं आणि बाहेरून कोणीतरी तार बांधावी.

हिने पदर खोचला. फ्रान्सिसकडे मोठं पातेलं मागितलं, आणि तोडायला सत्तूर. मला म्हणाली, “फ्लॅटवर जाऊन माझ्या पिशवीतला काळ्या मसाल्याचा डबा आणा. सुकं खोबरंही. पळा.” मी पळालो. अकरा वर्षांत इतका पळालो नव्हतो.

दोन तास पातेलं रटरटत होतं. मग वास आधी जिन्यात गेला, तिथून शेजाऱ्यांकडे. जेवायला उशीर झाला, पण जेवण काय झालं म्हणता! मॅनेजर खुबूस, म्हणजे तिथली रोटी, बुडवून रस्सा खात होता, कपाळावर घाम, नाक लाल, आणि वाटी पुन्हा पुढे. म्हातारीने हिला जवळ घेऊन दोन्ही गालांचे पापे घेतले. तिथे माझी बायको अशी उभी होती, जशी अकरा वर्षं मी पत्रात स्वतःला उभा करत होतो. आजही ते आठवलं की ऊर भरून येतो.

पण त्या दिवशी ऊर जरा जास्तच भरला असावा. मॅनेजरने विचारलं, इतका चांगला पक्षी निवडला कोणी? फ्रान्सिसने दिलदारपणे माझ्याकडे बोट केलं. मी गप्प बसायचं की नाही? मी उठलो. छाती कशी फुंकायची, नख कसं बघायचं, जुना पक्षीच का घ्यायचा, सगळं सांगितलं. फ्रान्सिस इंग्रजीत समजावत होता, मॅनेजर मान डोलवत होता.

“हिलाच विचारा,” मी शेवटी म्हणालो. “बाजारात ही माझ्याबरोबरच होती. सांग गं, किती पारखून घेतला ते.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, रिकामं पातेलं उचललं आणि आत निघून गेली.