वासाचा साबण

नव्वदच्या दशकात घाटघरच्या वाटेवरच्या दोन खोल्यांच्या शाळेत मी दुसरीला शिकवायचे. मी मूळची आळे गावची. आमच्या घरी गाई होत्या, शेळी कधीच नव्हती. तरी जनावरांतलं मला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. वयही तसंच होतं.

आरोग्याचा पाठ मी फार हौसेने घ्यायचे. रोज आंघोळ, कापलेली नखं, विंचरलेले केस. ज्याची नखं सगळ्यांत स्वच्छ, त्याला शनिवारी वासाच्या साबणाची एक छोटी गुलाबी वडी. पोरांना तिचं भारी अप्रूप. एका मुलीने तर मिळालेली वडी वापरलीच नाही, दप्तरात ठेवली. मधूनच कागद उघडायची, हुंगायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. या मुलीचे प्रश्न कधी संपायचे नाहीत. माशाला तहान लागते का, कोंबडीला दात का नाहीत. मला कधी कधी वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

पौषातल्या एका सोमवारी प्राण्यांच्या गरजांचा पाठ होता. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते आणि माझा तक्ता अर्धाच रंगवून झाला होता. अन्न, पाणी, हवा, निवारा असं फळ्यावर लिहून मी तक्त्याकडे वळले, तर तीच मुलगी उभी. पहाटे त्यांची शेळी व्यायली होती. पहिलंच करडू, आणि वडिलांनी ते हिच्या नावाचं केलं होतं. हे सगळं एका दमात सांगून तिने विचारलं, "बाई, करडाला बी आंघोळ घालायची का?"

"हो, सगळ्यांनीच स्वच्छ राहायचं. बस खाली." हातातला ब्रश काही मी खाली ठेवला नाही.

तपासणी छान झाली. साहेबांनी तक्त्याचं कौतुक केलं. ती मात्र मंगळवारी आली नाही, बुधवारीही नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले, जरा रागातच.

पडवीत तिच्या वडिलांनी शेळीची शिंगं धरली होती आणि आई करडाचं तोंड आचळाला लावत होती. शेळी लाथा झाडत होती. सोडली की करडाला ढुशी देऊन लांब लोटत होती. तिने चाटावं म्हणून करडाच्या अंगाला मीठ चोळलं होतं, पण ती नुसती हुंगायची आणि तोंड फिरवायची. मुलगी कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. मला काही उमजेना, तेव्हा आईने सांगितलं.

"पोरीनं त्याला साबण लावून धुतलं, बाई. आंगाचा वासच ग्येला. आता शेळी वळखत नाय त्याला."

मी करडाजवळ वाकले. ते थरथरत होतं आणि मिठाखालूनही त्याच्या अंगाला माझ्या गुलाबी वडीचा वास येत होता.

"कुणी सांगितलं त्ये बी सांगंना," वडील म्हणाले. "दोन दिस इचारतोय."

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली घातली. दुसरीतल्या पोरीने मला पाठीशी घातलं आणि मी घालू दिलं. थंडी फार आहे, गोणपाटात गुंडाळून ठेवा, असं काहीतरी बोलून मी निघाले. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

आईने चमच्याने दूध पाजून पाहिलं, दुसरी शेळी लावून पाहिली. शुक्रवारी करडू गेलं.

शनिवारी मी पुन्हा गेले आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं, की मीच हो म्हणाले होते, घाईत, तिचं नीट न ऐकता. ते चिडले असते तर बरं झालं असतं. आईने बसायला पोतं टाकलं, चहाला आधण ठेवलं.

"तुमी चांगल्यासाठीच सांगितलं आसंल," ती म्हणाली. "पर हिनं आदी कुणाला तरी इचारायचं व्हतं."

मुलीने विचारलंच होतं, असं मी म्हटलं. आईने कपबशी माझ्यापुढे सरकवली. चहा मी सगळा प्यायले.

सोमवारी ती शाळेत आली, नखं कापून, केस चापून बसवून. सांगितलेलं सगळं करायची, पाढे म्हणायची. प्रश्न मात्र एकही विचारला नाही. वडी वाटणं मी बंद केलं होतं, त्याबद्दलही नाही. इतर पोरांनी विचारलं.

परीक्षेआधी उजळणीला तोच तक्ता पुन्हा भिंतीवर आला. चार गरजांसाठी सगळ्यांचे हात वर होते, तिचा नव्हता. मी मुद्दाम तिलाच उठवलं. करडाला काय काय लागतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हटलं. चुकलं तरी चालेल, सांग.

तिने तक्त्याकडे पाहिलंही नाही.

"तुमी सांगाल त्ये, बाई," ती म्हणाली आणि खाली बसली.