पक्षाचं हळदीकुंकू आणि माझी आई

मंडळी, पुरोगामी म्हणवणाऱ्या आमच्या पक्षाच्या निमगाव केतकीतल्या बैठकीतून आत्ताच घरी आलेय. डोकं भणाणलंय.

महिला आघाडीच्या हळदीकुंकवाला विधवा बायकांनाही बोलवा, एवढंच आम्हा पोरींचं म्हणणं होतं.

तालुकाध्यक्ष आबा म्हणाले, “मला पटतंय गं. पण इलेक्शन तोंडावर हाय, सगळ्यांना धरून चालावं लागतं. त्यांचा कार्यक्रम वेगळा घेऊ, साड्या वाटू.”

माझी आई समोरच बसली होती. बाबा गेल्यावरही दारोदार पक्षाचा प्रचार तीच करते. ती मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत राहिली.

आबांची बायको गेल्या वर्षी वारली. हळदीकुंकवाचे प्रमुख पाहुणे मात्र तेच आहेत, त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

मग सांगा, या ‘सगळ्यां’त माझी आई का येत नाही?