साडूभाऊंचा देश

परक्या देशाची एवढी लाज वाटून घेणारा माणूस साऱ्या बहरीनमध्ये माझ्या साडूभाऊंशिवाय दुसरा झाला नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, मूळचे अमरावतीकडचे. बहरीनला येण्याआधी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या देशात, तेलकंपनीच्या कॅम्पवर ते जनरेटर सांभाळायचे. त्या देशाच्या समुद्रात तेल लागलं आणि साडूभाऊंच्या डोक्याला कायमचा ताप झाला. हूरा भागातल्या आमच्या घरी शुक्रवारी जेवायला आले की पहिला घास तोंडात जाण्याआधी तो देश ताटात यायचा. "पाहा बापा," ते म्हणायचे, "समुद्रात गॅस धडाधडा जळून राहिला, अन् समोरच्या गावात कंदील! शरम वाटते ना!" जणू काही तिथल्या विजेचं खातं यांच्याकडेच होतं. "भाऊजी, भाजी निवतेय," असं माझी बायको बिचारी म्हणत राहायची.

कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, मासळीचा डबा दिसला, की संपलंच. त्या देशाच्या समुद्रात मासळी उड्या मारते आणि लोक मात्र डब्यातली खातात, कारण डबे आणायचा परवाना राष्ट्राध्यक्षांच्या जावयाकडे, हे त्यांनी दुकानदाराला हिंदीत इतक्यांदा सांगितलं की तो मल्याळी माणूस त्यांना लांबून पाहूनच डबे मागे सरकवायचा. तेल भावाकडे, बंदर पुतण्याकडे आणि उरलेलं एखादं खातं मेहुण्याकडे! न्हाव्याच्या दुकानातसुद्धा अध्यक्षांचा फोटो. डांबरी रस्ता एकच, राजवाड्यापासून विमानतळापर्यंत. "पळून जायला बरा," असं म्हणून साडूभाऊ स्वतःच मान खाली घालायचे.

आता त्यांचं दुसरं अंग सांगतो. बहरीनमधलं आमचं मंडळ त्यांनीच उभं केलं. बुद्धवंदना, मुलांचे मराठीचे वर्ग, कुणी वारलं तर त्याला गावी पोचवेपर्यंतची धावपळ, सगळं साडूभाऊ. त्यामुळे अध्यक्षही तेच, पहिल्या दिवसापासून. सचिव त्यांचा पुतण्या, महिला विभाग आमच्या ताईंकडे, म्हणजे त्यांच्याच बायकोकडे, आणि उरलेलं उपाध्यक्षपद साडूकडे, म्हणजे माझ्याकडे. जयंतीच्या फलकावर बाबासाहेबांच्या शेजारी साडूभाऊंचा कोटातला फोटो असायचा आणि तो दरवर्षी थोडा थोडा वाढायचा. निवडणूक कधी, तर जयंतीला मटणाच्या पातेल्याचं झाकण उघडलं की. वास हॉलभर पसरला की पुतण्या माईकवर विचारायचा, "याच अध्यक्षांना कुणाची हरकत?" भुकेल्या माणसाला कसली हरकत? टाळ्या, आणि खलास!

त्या वर्षी साडूभाऊंच्या कंपनीत ट्रेनिंगला नेमका त्याच देशातला एक तरुण आला. साडूभाऊंना केवढा आनंद! "लोकशाही कशी असते ते दाखवतो त्याले," असं म्हणत त्याला जयंतीला उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या हॉलवर आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. पुतण्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. आम्ही हात उचलायच्या आधी तो पाहुणा ताडकन उभा राहिला आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागला. आमच्या थांबल्या तरी त्याच्या थांबेनात. सारखा साडूभाऊंच्या फोटोकडे बघत होता. चेहरा घाबरलेला.

साडूभाऊंनी त्याला हाताला धरून बसवलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुला मराठी कळतं?"

"नाही साहेब," तो म्हणाला. "पण काय चाललंय ते कळलं. आमच्याकडे जो आधी थांबतो त्याचं नाव लिहून घेतात."

मी माझ्या छातीवरचा उपाध्यक्षाचा बिल्ला हळूच खिशात टाकला. साडूभाऊ मात्र बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघायचंसुद्धा टाळत होते. मग उठले, माईक घेतला. "पातेल्यावर झाकण ठेवा," म्हणाले. "मतदान होईन."

मुलांच्या वह्यांतली पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, बिस्किटाच्या डब्याची पेटी झाली. पाहुण्यानंही एक चिठ्ठी मागितली. "मोजू नका, मला फक्त टाकायची आहे." तो खांबाआड जाऊन लिहीत बसला आणि कुणाला दिसू नये म्हणून साडूभाऊ त्याच्याकडे पाठ करून पहाऱ्याला उभे राहिले.

मोजणीत जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर साडूभाऊंचंच नाव निघालं! आम्ही खूश, ते मटकन खाली बसले. "काहून गा? तुमाले दुसरं नावच आठवलं नाही?" त्यांनी पद घेतलं नाही. दुसऱ्या नंबरावर आलेल्या, मंडळातल्याच एक नर्सबाई अध्यक्ष झाल्या आणि अगदी गार झालेलं मटण आम्ही माना खाली घालून खाल्लं.

त्यानंतरही साडूभाऊ शुक्रवारी यायचे, पण मुकाट जेवायचे. खरं सांगतो, त्या बडबडीवाचून मला घास जाईना. एकदा माझ्या बायकोनंच विचारलं, "भाऊजी, काय म्हणतो तुमचा देश?"

साडूभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला.

"गेला बापा तो पोरगा परत," म्हणाले. "टाळ्या वाजवून राहिला असन."