फरशीतले भुजपाद

कुणी कोळंबीला मासा म्हटलं की माझा घास अडकतो. कोळंबी मासा नाही, जेलीफिश मासा नाही, आणि देवमासा तर नाहीच नाही. पनवेलच्या कॉलेजात इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवून जिभेला हे वळण लागलंय, आणि लग्न उरणकडच्या कोळ्यांच्या घरात झाल्यामुळे तिला रोजचं कामही मिळालंय. नवरा म्हणतो, "तुझ्यासोबत जेवायचं म्हणजे तोंडी परीक्षा." म्हणू दे. चुकीचं वर्गीकरण ऐकून गप्प बसणं मला या जन्मी जमायचं नाही.

सुकापूरला आम्ही फ्लॅट घेतला तो सासूबाईंसाठी. सासरे गेल्यापासून खाडीकाठच्या घरात त्या एकट्या राहत होत्या. एकदा न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि शेजारीण डोकावेपर्यंत तशाच ओल्या फरशीवर पडून राहिल्या. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून अवेळी फोन वाजला की आम्ही दोघं एकदमच त्याच्याकडे धावायचो. म्हणून तळमजला घेतला, बाथरूममध्ये भिंतीला धरायचे दांडे लावले, आणि खूप विनवण्या करून त्यांना यायला राजी केलं.

बिल्डरने लॉबीत हौसेने जैसलमेरचा पिवळा दगड बसवला होता. पॉलिश केलेला, आणि त्यात जागोजागी बदामाएवढ्या पांढुरक्या आकृत्या. ताबा घेतला त्या दिवशी मी तिथेच उकिडवी बसले. दगडात भुजपाद होते! इंग्रजीत ब्रॅकिओपॉड. भुजा म्हणजे हात आणि पाद म्हणजे पाय, पण या प्राण्याला हात नाहीत की पाय नाहीत. कवचाच्या आत केसाळ झुबक्यांचा एक वेटोळा अवयव असतो, त्याने पाण्यातलं अन्न गाळून घेतो, आणि बहुतेक जण एका देठाने खडकाला धरून जन्म काढतात. जुन्या लोकांनी त्या वेटोळ्यालाच हातपाय समजून नाव ठेवलं. आधी त्यांना शिंपल्यांच्या संघात घातलं, मग तिथून उठवलं, मग दुसऱ्या दोन किरकोळ संघांच्या शेजारी बसवलं, आता पुन्हा जरा शिंपल्यांकडे सरकवलंय. एकेकाळी समुद्रात यांचंच राज्य होतं. आज थोडेच उरलेत, आणि अभ्यासक्रमात त्यांना जेमतेम एक तास मिळतो. माझ्या वर्गातली मुलं हा भाग सरसकट ऑप्शनला टाकतात. आणि इथे ते थेट माझ्या दारात येऊन पडले होते. त्या दिवशी मला फ्लॅटपेक्षा लॉबीचाच आनंद जास्त झाला होता, हे नवऱ्याने अजून मनात ठेवलंय.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायला आले होते. वास्तुशास्त्राचं त्यांचं वाचन अर्धवट, पण आवाज पूर्ण. त्यांनी त्याच आकृत्या पाहिल्या आणि सगळ्या इमारतीला सांगितलं, की दगडात हाडं आहेत, हा शल्यदोष आहे. जागेत हाड पुरलेलं असलं तर वास्तू लाभत नाही, अशी समजूत आहेच. सासूबाईंना घर दाखवायला आणलं तेव्हा नेमके हे लॉबीत उभे. त्यांनी सासूबाईंनाही बोट दाखवून तेच सांगितलं.

सासूबाई पायरीवरच थांबल्या. खाली बघितलं. मग पदर सावरून वळल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

"मेल्यांच्या हाडांवर पाय देऊन मी घरात नाय जायची," त्या म्हणाल्या. "मला माज्या घरी सोड."

नवऱ्याने समजावलं, मग चिडला, मग पुन्हा समजावलं. बिल्डरला फरशी बदलायला सांगितलं तर तो हसला. मला त्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा असा संताप आला होता की जिन्यात भेटले तरी मी मान वळवायची. आणि भीती वेगळीच. पावसाळा तोंडावर आला होता, न्हाणी तीच होती, आणि शेजारीण मुलाकडे मुंबईला जाणार होती.

शेवटी मला सुचलं. उरलेल्या फरशीचे तुकडे वॉचमनच्या खोलीमागे पडले होते. त्यातला एक पिशवीत घातला आणि रविवारी आम्ही गावी निघालो. वाटेत नवऱ्याने मला बजावलं, "फक्त शिंपले आहेत म्हण. शिंपली तिला परकी नाहीत, ऐकेल ती. त्यापुढे एक अक्षर बोलू नकोस. तुला माझी शपथ."

मी मान हलवली. शपथ घेतली मात्र नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात विळीवर तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, कापत बसल्या होत्या. माझ्या आवडीची एकशिपी करायची होती. तिसरी उघडायची, मांस एका शिंपीत ठेवायचं आणि दुसरी शिंपी फेकून द्यायची. दगड घरात आणायला त्यांनी मनाई केली. मी तो ओटीवर ठेवला आणि तिथूनच म्हणाले, "आई, हाडं नाहीत ती. शिंपल्यासारखं कवच आहे. समुद्रातलं."

त्या हात पुसत बाहेर आल्या आणि वाकून बघू लागल्या. "शिंप्या हायत?"

"शिंप्याच," नवरा घाईने म्हणाला.

"दर्यातलं असंल तर मंग काय नाय." त्यांचा चेहरा सैल झाला. माझाही झाला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्यांनी सहज विचारलं, "कंच्या गो? तिसऱ्या?"

"नाही आई," मी म्हणाले. "तिसऱ्या नाहीत. खरं म्हणजे हे शिंपलंच नाही."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. सासूबाईंचा चेहरा पुन्हा मिटला. पण बोलून तर बसले होते. आता अर्धं सोडलं तर ते हाडच ठरणार होतं. मी आतून पाटीतल्या दोन तिसऱ्या आणल्या, एक अख्खी आणि एक उघडलेली.

"हे बघा. तिसरीची एक शिंपी डावी, एक उजवी. आपण नमस्काराला हात जोडतो तशा. दोन्ही एकसारख्या. आणि हा दगडातला. याची एक बाजू वरची, एक खालची. एक मोठी, एक लहान. डबा आणि त्याचं झाकण. म्हणून याची जात वेगळी."

"बरं. मंग?"

"मग तिसरीला बिजागरीशी एक ताण असतो, तो तिला सारखा उघडू बघतो. जिवंत आहे तोवर ती जोर लावून मिटून धरते. मेली की जोर गेला, आणि ती आपोआप उघडते."

"ते काय तू मला शिकवतंस? उघडी पडलेली आमी टाकूनच देतो. पुळणीवर बघ, येक शिंपी हितं नि दुसरी कुठं ती."

"तेच. पण याला तो ताण नाही. उघडायलाही स्वतःच जोर लावावा लागतो आणि मिटायलाही. मेल्यावर उघडायला कुणी उरत नाही. म्हणून हा मिटलेलाच राहतो. कोट्यवधी वर्षं गेली आई, समुद्र आटला, चिखलाचा दगड झाला, कुणी तो कापून सुकापूरला आणला. तरी दोन्ही कवचं अजून एकमेकांना धरून आहेत."

सासूबाईंनी उघडलेली तिसरी माझ्या हातातून घेतली आणि तिच्या रिकाम्या अर्ध्याकडे बघत राहिल्या. नवरा माझ्याकडे असा बघत होता की आता घरी पोचेपर्यंत माझी धडगत नव्हती.

"आमी तिसऱ्यांच्या जातीची निघालो," त्या हळूच म्हणाल्या. "ते गेले नि मी उघडी पडले."

मला एकदम रडू आलं. वर्षभर त्या बाईंनी सासऱ्यांबद्दल अक्षर काढलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं, खमक्या आहेत, सावरल्या. आणि हाडांची भीती, शल्यदोष हे सगळं वरवरचं होतं. नवरा गमावलेल्या बाईने मेलेल्यांवर पाय देऊन नव्या घरात शिरायचं, हे त्यांना झेपत नव्हतं, एवढंच. मी त्यांच्याजवळ सरकले. त्यांनी मला गप्प केलं नाही, स्वतःही डोळे पुसले नाहीत.

थोड्या वेळाने त्यांनी दगड उचलला, मोरीवर नेऊन खसाखसा धुतला आणि आत चुलीच्या कट्ट्यावर ठेवला. जेवताना नवऱ्याला म्हणाल्या, "कदी न्यायला येतोस?"

परतीच्या वाटेत आम्ही दोघं मोठमोठ्याने हसत होतो, उगाचच, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे. शिरढोणला चहाला थांबलो तर त्याने मला दोन वडापाव खाऊ घातले. शपथेचा विषय काही निघाला नाही.

पाऊस लागायच्या आत त्या आल्या. रिक्षातून उतरल्या तेव्हा हातात सासऱ्यांचा फोटो होता, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ नेहमीच्या जागी उभेच होते. ते काही बोलणार तोच सासूबाई म्हणाल्या, "हाडां नायत ती. आमच्या सुनेला इचारा." मग मला म्हणाल्या, "बाय, येक दाखव."

मी दारासमोरची सगळ्यात ठळक आकृती दाखवली. दोन्ही कवचं घट्ट मिटलेली, मोठं खाली, लहान वर. सासूबाईंनी टॉवेल सोडला, फोटो दोन्ही हातांत धरला, आणि तो खाली फरशीकडे वाकवला, सासऱ्यांना नीट दिसावं म्हणून.

"बगितलंत?" त्या फोटोला म्हणाल्या. मग फोटो छातीशी धरून त्यांनी उजवा पाय आत टाकला.