कस्तुरीचा हेवा

बातमी आली तेव्हा मी बीदरच्या आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागं बसले होते. बाहेर मुलामुलींची रांग, हातात कुणाच्या तरी गुणपत्रिकेची झेरॉक्स, टेबलावर मोबाईल थरथरत होता. करजगीहून शिवाप्पांचा फोन. शिवाप्पा म्हणजे कस्तुरीचे यजमान. एरवी बांधावरून हाक मारल्यासारखा बोलणारा हा शेतकरी माणूस त्या दिवशी एवढंच म्हणाला, "अक्का, सकाळी गेली बघा ती..." मी "अरे देवा" असं काहीतरी म्हटलं, झेरॉक्सवर शिक्का मारला आणि पुढच्या मुलीचे कागद हातात घेतले. त्या दोन मिनिटांत माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो मी आज लिहून टाकते, कारण तो लपवला तर पुढचं काहीच खरं लिहिता येणार नाही. मला वाटलं, आता तरी ती माझ्या पुढं जाणार नाही. रडू नंतर आलं, घरी भांडी लावताना. पण आधी आला तो हा विचार.

कस्तुरी मूळची मादन हिप्परग्याची, शेतकऱ्याच्या घरची. मी बीदरच्या हेडमास्तरांची मुलगी. मराठी एम. ए.ला कलबुर्गीला, तेव्हा आम्ही गुलबर्गाच म्हणायचो, वसतिगृहात आम्हां दोघींना एकच खोली मिळाली. पहिल्या दिवशी मी पलंगावर तोंड फिरवून रडत होते, तर ही ट्रंक खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "कामून रडायलीस? भूक लागली का?" आणि फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढं ठेवली. मी खाल्ली, आणि मनात म्हटलं, ही मराठी घेऊन ही एम. ए. कशी होणार? पंधरा दिवसांनी सरांनी तिला वर्गात उतारा वाचायला लावला. ती "पानी" म्हणाली, मुलं हसली. मी मोठ्यानं म्हटलं, "पाणी. पानी नव्हे." वर्ग आणखी हसला. संध्याकाळी मला वाटलं ती भांडेल. ती वही घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "तू सांगितलीस ते बरं झालं. आता रोज सांगत जा." वर्ष संपेपर्यंत तिचा ण माझ्याइतका स्वच्छ झाला. गंमत म्हणजे खोलीत आली की पुन्हा पानी. मी टोकलं तर म्हणायची, "वर्गातलं वर्गात. हितं मी माज्या आईची पोरगी हाय." मला दोन्हीकडं एकच मराठी येत होती आणि तिला दोन, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की निकालात मी पहिली आले आणि ती दुसरी.

मग विद्यापीठात मराठीच्या अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली. मुलाखतीला उमेदवार दोघीच. मी साहित्यशास्त्रावर अर्धा तास अस्खलित बोलले. बाहेर आले तर कस्तुरी बाकावर शिवाप्पांबरोबर बसली होती. नवीन लग्न झालं होतं तिचं, आणि हा माणूस ऊसतोडीचे दिवस सोडून बायकोच्या मुलाखतीला आला होता. मला घ्यायला कुणीच आलं नव्हतं. जागा कस्तुरीला मिळाली. पुढं कळलं, समितीनं आम्हां दोघींना एकच प्रश्न शेवटी विचारला होता, की ज्या मुलांचं सगळं शिक्षण कन्नडमधून झालंय त्यांना मराठी कविता कशी शिकवाल? मी म्हणाले होते, त्यांनी आधी मराठी नीट शिकून यावं. कस्तुरीनं खडू घेऊन फळ्यावर शिकवूनच दाखवलं, एक ओळ मराठीत, तिचा अर्थ कन्नडमध्ये, पुन्हा मराठीत. हे मला कळलं होतं. तरीही मी वर्षानुवर्षं, जिथं विषय निघेल तिथं, सांगत राहिले की समितीतला एक जण तिच्या माहेरच्या ओळखीतला होता, प्रश्न तिला आधीच ठाऊक होते. का सांगत होते? सांगताना दोन घटका बरं वाटायचं, म्हणून.

मी बीदरच्या कॉलेजात लागले. बऱ्या पगाराची, घराजवळची नोकरी. यजमान बँकेत, दोन मुलं, सगळं ठीक. पण कस्तुरीची पीएच.डी. झाली तेव्हा मी आठ दिवस तापानं पडले होते, तो ताप खरा नव्हता. ती कलबुर्गीत खोली करून एकटी राहायची, शनिवारी सासरी करजगीला जायची, सोमवारी पहाटेच्या बसनं परत. सासूबाई आधी बोलत नव्हत्या, मग हळूहळू त्याच डबा बांधून देऊ लागल्या. मी म्हणायचे, हा काय संसार आहे? आणि तिच्या तोंडीपरीक्षेला शिवाप्पा पहिल्या रांगेत, धोतराचा सोगा मांडीवर घेऊन, एक शब्द कळत नसताना दोन तास ताठ बसले होते, हे कुणी सांगितलं तर मी विषय बदलायचे. माझा प्रबंध कपाटातच राहिला. विचारलं तर मी मुलांचं नाव पुढं करायचे.

तिच्या प्राध्यापकपदाच्या बढतीची वेळ आली आणि कुणीतरी निनावी तक्रार केली. मूळ नेमणूकच वशिल्याची, असा तक्रारीचा मजकूर. चौकशी बसली, बढती थांबली. एका दुपारी कस्तुरी बीदरला माझ्या घरी आली. सरबत घेतलं, आणि पर्समधून तक्रारीची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. तक्रार मराठीत होती, खाली कन्नड भाषांतर जोडलेलं. मी वाचू लागले. ती मी लिहिली नव्हती. पण त्यातली वाक्यं माझी होती, प्राध्यापकांच्या एका उजळणीवर्गात चहाच्या टेबलावर, चार जणांसमोर, रंगवून सांगितलेली. त्यातल्याच कुणीतरी ती जशीच्या तशी कागदावर उतरवली होती.

"तू होतीस त्या दिवशी," कस्तुरी म्हणाली. "दुसरी उमेदवार तूच. मुलाखत सरळ झाली असं तू लिवून दिलीस तर चौकशी मिटंल. दुसऱ्या कुणाचं ऐकणार न्हाईत ते."

"बघते," मी म्हटलं.

बघायला मला तीन आठवडे लागले. रोज कागद काढायचे आणि ठेवून द्यायचे. यजमानांनी एकदा विचारलं, "चार ओळींना एवढं काय?" त्यांना काय सांगू? त्या चार ओळी लिहिल्या की इतक्या वर्षांची माझी गोष्ट खोटी ठरणार होती, आणि मग मी मुलाखतीत हरले होते, एवढंच उरणार होतं. शेवटी लिहिलं. सही केली. कस्तुरी स्वतः येऊन घेऊन गेली. दारात उभी राहून वाचलं, घडी घातली. "लई उशीर केलीस बघ," म्हणाली. "पण लिवलीस." वर्षभरानं ती प्राध्यापक झाली.

नंतर आमच्या दोघींच्याही पायाखालची जमीन सरकू लागली. मराठीला मुलं येईनात. सीमेवरच्या गावांतल्या आईबापांना मुलं इंग्रजीत आणि नोकरीच्या कन्नडमध्ये हवी होती, त्यात त्यांचं चुकलं असं मी तरी कसं म्हणू? माझ्या कॉलेजातला मराठी विभाग बंद झाला आणि मला प्रवेशाची खिडकी आणि कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली दिल्या. विद्यापीठानं कस्तुरीला विचारलं, दुसरं काय शिकवाल? तिनं पन्नाशी ओलांडल्यावर कन्नड एम. ए.चा अर्ज भरला. मला फोन केला. "बोलायला येतंय गं, पण पुस्तकातलं कन्नड येगळंच हाय. तू बी भर फॉर्म. दोघी मिळून बसू परीक्षेला, पयल्यासारखं."

मी म्हणाले, "या वयात मी विद्यार्थिनी होऊ? माझा मान आहे काही."

"मान घेऊन कुठं जायलीस?" ती हसली. मी फोन ठेवला. ती आपल्याच विद्यार्थ्यांच्या शेजारच्या बाकावर बसून परीक्षा देत होती तेव्हा मी तिला मनातल्या मनात हसत होते. दोन वर्षांनी ती मराठी-कन्नड भाषांतराचा नवा अभ्यासक्रम शिकवू लागली आणि त्याला मुलं आली. औरादची, आळंदची, अफजलपूरची. लॉकडाऊनमध्ये मी संगणकाला हात लावायला घाबरत होते, आणि ती करजगीच्या गच्चीवर, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात पाटावर बसून तास घेत होती. तिचा एक तास मी मुलाच्या मोबाईलवर, नाव न दाखवता, चोरून ऐकला. चांगला झाला होता. फार चांगला. त्या दिवशी मी जेवले नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटातलं दुखणं वाढल्याचं कळलं आणि मी करजगीला गेले. ती बाहेरच्या खोलीत उशांना टेकून, एका मुलीचं भाषांतर तपासत होती. अंगावर मांस उरलं नव्हतं. शिवाप्पा चहा ठेवून तुरीच्या राशीकडं गेले, बहुधा मुद्दामच. मी सगळं कबूल करायचं ठरवून गेले होते. म्हटलं, "कस्तुरी, ती तक्रार..."

"तुजी वाक्यं वळखली होती मी," तिनं कागदावरून नजर न काढताच म्हटलं. "त्यात 'औचित्यभंग' लिवलं होतं. ह्या दोन जिल्ह्यांत तो शब्द कोन वापरतंय तुज्याबिगर?"

मी विचारलं, "मग माझ्याकडं का आलीस लिहून घ्यायला?"

"म्हणून तर आले. दुसऱ्याकडनं लिवून घेतलं असतं तर माजं काम झालं असतं. तुजं न्हाई." मग लाल पेन खाली ठेवून म्हणाली, "वाईट वाटलं होतं. दोन रात्री झोपले न्हाई. पण तू लिवलीस, मग म्या सोडून दिलं. तू अजून धरून बसलीस व्हय?"

मी रडले, तिनं पाठीवर हात फिरवला. आजारी ती होती, हात मात्र तिचा फिरत होता. आणि परतीच्या बसमध्ये, खरं सांगते, मला तिच्या त्या सोडून देण्याचासुद्धा हेवा वाटला. हे तरी मला जमायला हवं होतं.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी विद्यापीठातून विचारणा झाली. सत्र संपेपर्यंत, आठवड्यातून एक दिवस येऊन तिच्या भाषांतराच्या वर्गाचा मराठीचा भाग पुरा कराल का? मी लगेच हो म्हटलं. मोठेपणानं नाही. जो वर्ग माझ्या हक्काचा आहे असं आयुष्यभर वाटत आलं, त्यात तिच्या मरणामुळं का होईना, मला शिरायला मिळत होतं. पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला लागले. पहिलं नाव घेतलं. मुलगी उभी राहिली आणि "हजर" म्हणायच्या जागी एक शब्द म्हणाली, तिच्या गावातला, मी कधी न ऐकलेला. दुसऱ्या मुलानं दुसरा शब्द दिला. मी थांबले तेव्हा तिसरी मुलगी उठून म्हणाली, "मॅडमनी लावलेली सवय हाय. रोज एकेकानं आपल्या घरातला एक शब्द द्यायचा. मॅडम ते हजेरीपटात मागं लिवून घ्यायच्या." पट उलटून पाहिला तर खरंच, पानंच्या पानं भरली होती. तारीख, मुलाचं नाव, शब्द, अर्थ. शेवटची नोंद ती दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाची होती. वर्ग माझ्याकडं बघत होता. मी पेन उघडलं, पहिल्या मुलीला विचारलं, "पुन्हा सांग बाई, काय म्हणालीस? आणि म्हणजे काय?" तिनं सांगितलं. मी कस्तुरीच्या ओळीखाली लिहू लागले. तिचं अक्षर सुरेख आहे. माझ्यापेक्षा चांगलं... अजूनही.