सकाळचं फूल, संध्याकाळचं फूल

टेलरकाकांना घोसाळं गिळगिळीत लागायचं. म्हणून लग्न झाल्यापासून गॅलरीतल्या कुंडीत दोडक्याचाच वेल चढत आला, आणि घोसाळ्याची आवड माहेरी ठेवून आलेल्या काकू दोडक्याच्या शिरा काढत राहिल्या. यंदा मात्र त्या म्हणाल्या, "या वेळी घोसाळं लावा." काकांनी मशीनवरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी कुंडीत बी पेरलेलं होतं.

वेल वाढला, पण दोन्हींची पानं सारखीच दिसतात.

"सरळ विचारा की," धाकटी जाऊ म्हणाली.

"विचारलं तर सांगतील. मला बघायचंय."

दोडक्याचं फिकट फूल संध्याकाळी उमलतं, घोसाळ्याचं गडद पिवळं फूल सकाळी. काकू दोन्ही वेळा गॅलरीत डोकावू लागल्या.

एका संध्याकाळी फिकट फूल उमललं. काकू आत जाऊन भांडी घासायला बसल्या, जरा जोरातच.

"भांड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

सकाळी त्या पाणी घालायला गेल्या, तर गजाच्या दुसऱ्या टोकाला हळदीसारखं पिवळं फूल होतं. त्यांनी पानं बाजूला करून कुंडीत पाहिलं. मातीतून दोन खोडं निघाली होती आणि वर जाऊन एकमेकांत गुंतली होती.

"दोन्ही लावलेत?"

"मग? मी काय उपाशी राहू?" काका सुईत दोरा ओवत म्हणाले.

काकूंनी पाणी घातलं. घोसाळ्याच्या बाजूला जरा जास्त.