तीन रविवार तपासलेली गाडी

आमच्या खात्यात कुठेही न लिहिलेला एक नियम होता: पहिल्या तपासणीत काही पास करायचं नाही. डबा कितीही ठणठणीत असो, चार शेरे मारायचेच, नाहीतर साहेबांनी बघितलं तरी काय, असं लोक म्हणतात. मी रेल्वेत इंजिनिअर. बदली होऊन लखनौला आलो, तेलीबागला घर केलं, तोवर ही खोड अंगात मुरली होती. ती माझ्या आईला भोवली.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. तिला बसवतच नसे. अकोल्याच्या धाकट्या बहिणीला एकदा भेटायचं, एवढंच तिचं मागणं. जन्मभर माझ्या खिशात रेल्वेचा पास, आणि आईला रेल्वेनं नेता येईना. स्ट्रेचर डब्याच्या दारात वळत नाही, आणि लोकांच्या देखत भांडं घ्यायला तिनं साफ नकार दिला. आत पलंग, मोरी, शेगडी असलेली गाडीच हवी होती.

मी म्हटलं, आईसाठी नवी कोरी बांधून घेऊ. रोज ऑफिसातून आलो की नकाशे काढत बसायचो. बॉडी बांधणाऱ्यानं सहा महिने सांगितले. ते ऐकून बायको भडकली. तिच्या बँकेत चिनहटचे एक निवृत्त डॉक्टर येत. त्यांनी आपल्या अधू बायकोसाठी मिनीबसचं असंच घर करून घेतलं होतं. त्यांची बायको वारली, आता गाडी विकायची होती. दुसऱ्याची वापरलेली गाडी म्हणून मी नाक मुरडलं, तरी रविवारी हातोडी घेऊन गेलो.

गाडी इतकी निगुतीनं ठेवलेली, की मला रागच आला. पडदे धुतलेले, शेगडी लखलखीत, तेल कधी बदललं त्याची वहीसुद्धा. मी चाकं ठोकून पाहिली, खाली आडवा झालो, आणि शेवटी चार शेरे काढलेच: कडी सैल, एका खिडकीचं रबर कडक, असलंच काहीबाही. डॉक्टरांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. "तसल्ली से देखिए, माँ का मामला है," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी चारही गोष्टी दुरुस्त झालेल्या. कुणी शहाणा असता तर गाडी घेऊनच घरी आला असता. मी आणखी चार शेरे मारले. तिसऱ्या रविवारी मी गाडी पास केली आणि स्वतःवर खूश होऊन ती दारात आणून उभी केली.

मधल्या आठवड्यात आईच्या छातीत कफ साठला होता. आमच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता हलवायचं नाही. मी तिच्या उशाशी बसलो. तिथे एक बोचकं होतं, दोन लुगडी आणि मावशीसाठी घेतलेला लखनवी चिकनकामाचा पिवळा कपडा.

"पहिल्या रविवारीच बांधून ठेवलं होतं रे," आई म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "आता तिला तरी घेऊन ये."

त्याच दुपारी निघालो. टायरमधली हवासुद्धा बघितली नाही. जाता-येता चार दिवस गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही. ती सैल कडी, ते रबर, कशाकशाचा काही संबंध नव्हता, माझी निव्वळ हौस होती. मावशीचे गुडघे गेलेले, म्हणून ती आईच्या पलंगावर आडवी पडून लखनौला आली. वाटेत चहा करून प्यायली, झोपली, गाडीचं कौतुक करत राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा आईची वाचा गेली होती. डोळे उघडे होते, बहिणीला ओळखलंन. मावशीनं तिचा हात हातात घेतला, बराच वेळ कुरवाळला, आणि मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "इतकी चांगली गाडी होती, तर हिलाच का नाही रे आणलंस?"

आईही माझ्याकडेच बघत होती.